जाडी सगळेच विचारतात

सांबा जिल्ह्यात सीमेलगतच्या सामूहिक बंकरांच्या कामावर तुझी नेमणूक झाल्याचं तुझ्या आईकडून कळलं. "भिंत किती जाडीची घ्यायची ते काकांना विचारून ठेव, असं तिला सांगितलंय," असंही ती म्हणाली. अगं, जाडी सगळेच विचारतात. जाडी नकाशात छापून येते आणि ती ठरवणारा कचेरीत बसलेला असतो. साइटवर तुझ्या हाती उरतं ते बाकीचं: दार, पायऱ्या, हवा, पाणी आणि सळईची टोकं. आमच्या धंद्यात धडा म्हणून सांगितल्या जातात त्या दुर्घटनांपैकी कित्येकींत भिंतीला तडासुद्धा गेला नव्हता, माणसं मात्र गेली. तेव्हा जाडीचं थोडक्यात आटोपतो आणि मग कामाचं बोलतो.

पहिली गोष्ट, वरून काय येणार ते ठरव. छर्रे, स्फोटाचा धक्का आणि किरणोत्सारी धूळ हे तीन वेगळे शत्रू आहेत आणि तिघांचा हिशेब वेगळा. छर्ऱ्यांसाठी दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी जी मापं धरली ती अजून डोक्यात ठेवण्यासारखी आहेत. पन्नास फुटांवर पाचशे पौंडी बॉम्ब फुटला तर त्याचे तुकडे अडवायला दीड इंच पोलाद, बारा इंच सळईचं काँक्रीट, साडेतेरा इंच वीटकाम नाहीतर अडीच फूट माती. साडेतेरा इंच म्हणजे आपली दीड विटेची भिंत. १९७१ च्या डिसेंबरात मुंबईत इमारतींच्या दारांसमोर अशा आडभिंती उभ्या होत्या, त्यांना सगळे बॅफल वॉल म्हणत. काचांना काळे कागद, मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवलेले, आणि आमच्या चाळीच्या जिन्यासमोरच्या त्या भिंतीवर कोळशाने काढलेले तीन स्टंप.

धक्क्याचं गणित निराळं. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ च्या कायद्यानंतर घराघरांखाली जी आश्रयस्थानं झाली, त्यांचं छत एक बार दाब सोसेल असं करायचं, म्हणजे चौरस मीटरला दहा टन. आपण राहत्या घराच्या स्लॅबला वापराचा भार धरतो दोनशे किलो. पन्नास पट! म्हणून घराचा नकाशा घेऊन सळई थोडी वाढवली की बंकर झाला, असं कुणी म्हणालं तर तो नकाशा त्याच्या हातात परत दे.

धुळीचं मात्र सोपं आहे. अणुस्फोटानंतर उडालेली माती किरणोत्सारी होऊन खाली बसते, तिच्यातून निघणारे गॅमा किरण अडवायला फक्त वजन लागतं. साधारण सहा सेंटिमीटर काँक्रीट किंवा नऊ सेंटिमीटर ठोकलेली माती मारा निम्म्यावर आणते. पुढच्या नऊ सेंटिमीटरला निम्म्याचा निम्मा. तीन फूट मातीत असे दहा थर बसतात, म्हणजे हजाराचा एक उरतो. माती फुकट मिळते, सिमेंट विकत आणावं लागतं. आणि वेळही आपल्या बाजूने असतो: काळ सातपट झाला की मारा दहाव्या हिश्शावर येतो. पहिल्या तासानंतर जे मोजलं त्याचा सात तासांनी दहावा भाग, दोन दिवसांनी शंभरावा, दोन आठवड्यांनी हजारावा. केनेडींनी २५ जुलै १९६१ च्या भाषणात आश्रयस्थानांची मागणी केली आणि अमेरिकेत तळघरांवर पिवळ्या-काळ्या त्रिकोणांच्या पाट्या लागल्या. तिथे दोन आठवड्यांचा साठा भरला गेला, तो याच हिशेबाने. तुझ्या गावांना रोजची धास्ती तोफेच्या आणि उखळी गोळ्यांची आहे, किरणांची नव्हे. पण छतावर मातीचा भराव टाकायचाच असेल तर त्यात तिघांचंही थोडं थोडं भागतं.

जाडी संपली. आता दार.

दारासमोर वळण हवंच. छर्रा सरळ जातो, धक्क्याची लाट वळणावर बरीच मोडते आणि गॅमा किरणांचाही काटकोनी वळणानंतर साधारण दहावाच भाग पुढे जातो. शाळांच्या मैदानांवर खंदक खणायचे ते नागमोडी किंवा इंग्रजी झेडसारखे, ते याचसाठी. सरळ खंदकाच्या एका टोकाशी गोळा पडला तर दुसऱ्या टोकापर्यंत कुणी वाचायचं नाही. पण वळणाची एक खोड आहे, ती नकाशावर दिसत नाही. नागपूरला नॅशनल सिव्हिल डिफेन्स कॉलेज होतं, १९५७ साली ते वेगळ्या नावाने सुरू झालं. तिथे मी एका वर्गाला बसलो होतो. शिकवणाऱ्याने आम्हा इंजिनिअर मंडळींच्या हातात स्ट्रेचर दिलं, त्यावर आमच्यातलाच सगळ्यात जाडजूड गृहस्थ झोपवला आणि म्हणाला, हा घेऊन त्या वळणातून आत जा. स्ट्रेचर साडेसात फूट लांब, वाट तीन फूट रुंद. वळेना. उभं करावं तर गृहस्थ घसरतो. तेव्हापासून मी वळणाची मापं घेताना कागदाची स्ट्रेचरएवढी पट्टी कापून नकाशावर फिरवतो. तुझ्याकडे तर लोक आजाऱ्याला खाटेवरून आणतील, म्हणजे पट्टी खाटेच्या मापाची काप.

धक्का सोसणारं दार बाहेर उघडणारं असतं, म्हणजे दाब आला की पल्ला चौकटीवर आणखी घट्ट बसतो. हे बरोबरच आहे, पण बाहेर ढिगारा पडला तर तेच दार आतून उघडत नाही. म्हणून दुसरी वाट सोडायची, आणि ती पहिल्या दाराच्या शेजारी नाही. स्विस लोक तळघरातून छोटा भुयारी मार्ग काढून तो इमारत कोसळली तरी ढिगारा पोचणार नाही इतक्या लांब वर आणतात. तुझ्या नकाशात दुसरी वाट नसेल तर भांड. लेखी भांड, तोंडी भांडण फायलीत राहत नाही.

पायऱ्यांवर मी जरा जास्तच बोलणार आहे. ३ मार्च १९४३, पूर्व लंडनमधलं बेथनल ग्रीन. तिथलं भुयारी रेल्वेचं स्टेशन अजून पुरं व्हायचं होतं, ते आश्रयस्थान म्हणून वापरात होतं. रात्री सव्वाआठच्या सुमारास भोंगा झाला. लोक रांगेने उतरत होते. तेवढ्यात जवळच्या बागेतून विमानविरोधी अग्निबाणांचा नवीनच मारा सुरू झाला, तो आवाज लोकांच्या ओळखीचा नव्हता आणि मागच्यांनी रेटा दिला. उतरायला एकच जिना, १९ पायऱ्या, वर एक मिणमिणता दिवा, मधोमध कठडा नाही. खालच्या पायऱ्यांशी मूल घेतलेली एक बाई पडली, तिच्यावर मागचा पडला आणि पाहता पाहता जिना माणसांनी चोंदला. १७३ जण गुदमरून गेले, त्यांत ६२ मुलं. त्या रात्री तिथे एकही बॉम्ब पडला नाही. आणि चीड येते ती याची की स्थानिक कौन्सिलने प्रवेशद्वार नीट करायला आधीच पैसे मागितले होते आणि वरून नकार आला होता. मधला कठडा दुर्घटनेनंतर बसला.

म्हणून सांगतो. दोन्ही बाजूंना कठडा, जिना रुंद असेल तर मधेही. सगळ्या पायऱ्या एका उंचीच्या; शेवटची पायरी कोब्याच्या जाडीमुळे इंचभर कमी-जास्त होते, ती आधी धरून चालायची. आपले मिस्त्री हमखास तिथेच चुकतात, कारण कोबा नंतर होतो आणि पायऱ्या आधी. प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरा पट्टा, कारण ब्लॅकआउटमध्ये दिवा नसणारच. जमलं तर जिन्याऐवजी उतार कर. म्हातारी माणसं अंधारात उताराने जास्त भरवशाने जातात.

आता तुझ्या खऱ्या विषयाकडे, बांधकामाकडे. इंग्लंडमध्ये १९४० साली रस्त्याकडेला विटांची आश्रयस्थानं झाली: विटांच्या भिंती, वर काँक्रीटचा जाड स्लॅब. सिमेंटची टंचाई होती. सरकारी सूचना अशी मोघम निघाली की नुसत्या चुन्याचा मसाला चालेल, असाही तिचा अर्थ निघत होता. कंत्राटदाराने कुठला अर्थ काढला ते तुला सांगायला नको. स्फोटाच्या धक्क्याने भिंती बाहेर ढकलल्या गेल्या आणि स्लॅब सपाट आत येऊन बसला. स्लॅब चांगलाच होता! पण भिंतीशी त्याचं नातं नुसतं वजनाचं. यातून दोन गोष्टी घे. सूचना मोघम असेल तर काम थांबवून खुलासा मागव. आणि छत भिंतीला, भिंत तळाला सळईने बांधलेली हवी, म्हणजे सगळी पेटी एकसंध हलेल.

त्याच युद्धातलं उलटं उदाहरण मला फार आवडतं. १९४१ साली प्राध्यापक जॉन बेकर यांनी घरात ठेवायचा एक पोलादी पिंजरा आखला, वरून टेबलासारखा. लांबी साडेसहा फूट, रुंदी चार, उंची अडीच. आत आडवं पडायचं, बाजूंना जाळी. मंत्र्याच्या नावाने तो मॉरिसन शेल्टर म्हणून ओळखला गेला, आणि पाच लाखांवर पिंजरे वाटले गेले. बेकरांचं म्हणणं असं की बॉम्ब नेमका टेबलावर पडला तर काही उपाय नाही. पण बहुतेक वेळा घराचा वरचा मजला कोसळतो, तेवढा टेबलाने झेलावा. झेलताना ते वाकलं तरी चालेल, तुटता कामा नये. वाकण्यातच पडणाऱ्या ओझ्याचा जोर संपतो. आज आपण भूकंपासाठी जे करतो ते हेच. म्हणून आयएस १३९२० तू बंकरलाही जवळ ठेव. रिंगांची टोकं १३५ अंशांत आत वळलेली, सळई एफई ५०० डी, जोड जास्त ताणाच्या जागी नाही आणि सगळे एका रेषेत तर मुळीच नाहीत. शिवाय धक्का बसलेला स्लॅब खाली दबून परत वर उसळी घेतो, तेव्हा वरच्या बाजूची जाळी पूर्ण लांबीभर हवी. साइटवर वरच्या जाळीवरून माणसं चालतात, खुर्च्या वाकतात आणि जाळी खाली बसते. काँक्रीट ओतण्याच्या दिवशी फूटपट्टी घेऊन तू स्वतः फळीवर उभी राहा. चहाला नंतर जा.

हवा. ५ जून १९४१ ला चीनमधल्या चुंगकिंगच्या एका मोठ्या भुयारी आश्रयस्थानात शेकडो माणसं मेली, मृतांचा आकडा आजही वादात आहे. जपानी विमानांचा हल्ला तासन्‌तास चालला, भुयारात मावतील त्याहून कितीतरी जास्त लोक आणि हवा पुरेशी खेळत नव्हती. गुदमरले आणि दाराशी चेंगरले. तुझं गणित करून बघू. सामूहिक बंकर ८०० चौरस फूट, चाळीस माणसं. उंची आठ फूट धरली तर आत साधारण १८० घनमीटर हवा. बसलेला माणूस तासाला अठरा-वीस लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. सगळं घट्ट बंद असेल तर पाच तासांत हवेत दोन टक्के होतो, डोकी दुखू लागतात, मुलं किरकिरू लागतात. पण त्याआधी उकाडा मारतो. एका माणसाची ऊब शंभर वॅट, चाळिसांची चार किलोवॅट. म्हणजे चार इलेक्ट्रिक शेगड्या लावलेली बंद खोली, वर घामाची वाफ. अमेरिकेत ओक रिजच्या प्रयोगशाळेतले क्रेसन कर्नी यांनी आयुष्य याच विषयात घातलं, त्यांचा सगळा भर हवा खेळती ठेवण्यावर होता, गाळणीवर तेवढा नाही. त्यांनी हाताने ओढायचा पंप सुचवला, लाकडी चौकट आणि प्लॅस्टिकच्या झडपा, दोरीने पुढेमागे झुलवायचा. आपल्याकडे साहेबाच्या कचेरीत दोरीने ओढायचा पंखा असे, त्याचा धाकटा भाऊ म्हण. स्विस आश्रयस्थानांतल्या पंख्यांनाही हँडल असतं, वीज गेली की हाताने फिरवायचं.

तू किमान दोन नळ्या ठेव: एकीचं तोंड आत जमिनीलगत, दुसरीचं छतालगत, समोरासमोरच्या कोपऱ्यांत. दोन्हींना बाहेर बाक आणि उंदरांसाठी जाळी. आणि हे दारावर तिथल्या भाषेत मोठ्या अक्षरांत रंगवून घे: आत शेगडी पेटवायची नाही. जानेवारीत जम्मूकडे गारठा मी म्हणतो. कोणीतरी अंगीठी आत आणणारच, आणि कोळशाचा विषारी वायू वासाने कळत नाही.

पाण्याबद्दल तुला गावकरीच सांगतील. २०२५ च्या एप्रिलात पहलगामच्या हल्ल्यानंतर सीमेवरच्या गावांतले लोक बंकर साफ करायला लागले, तेव्हा कित्येक ठिकाणी आधी साचलेलं पाणी आणि चिखल उपसावा लागला. केंद्र सरकारने जम्मू विभागातल्या पाच जिल्ह्यांसाठी १४,४६० बंकर मंजूर केले होते, आकडा लहान नाही. पण पावसाळ्यात भरणारा बंकर हा पैसे घालून बांधलेला हौद आहे. याउलट मुंबईच्या राजभवनाखाली २०१६ च्या ऑगस्टमध्ये जो इंग्रजांच्या काळातला बंकर सापडला तो बघून ये, आता तिथे संग्रहालय आहे. तेरा खोल्या, जवळजवळ पाच हजार चौरस फूट, पण तो तोफा-दारूगोळ्यासाठी बांधलेला. कित्येक वर्षं बंद राहूनही आतली पाण्याच्या निचऱ्याची आणि हवा-उजेडाची सोय जागेवर सापडली. खोल्यांवरच्या नावांत काडतुसं होती, कार्यशाळा होती आणि पंपही होता. बांधणाऱ्याला मलबार हिलचा पाऊस ठाऊक होता.

तेव्हा तळाला ढाळ, ढाळाच्या शेवटी खड्डा, खड्ड्यात बादली बुडेल एवढी खोली. तळ आणि भिंतीच्या सांध्यात वॉटर स्टॉप पट्टी, आणि ती खिळ्यांनी भोसकलेली नसावी. दाराबाहेर उंबरठा जमिनीपेक्षा वर. शिवाय ज्या गावात विहिरीचं पाणी वर आहे तिथे रिकामी पेटी तरंगू बघते. एक घनमीटर पाणी एक टन वर ढकलतं. पेटीचं वजन अधिक छतावरचा भराव यांचा मेळ पावसाळ्यातल्या पातळीशी घाल, उन्हाळ्यातल्या नव्हे. वर आलंच पाणी, तर खाली उतरण्याचा हट्ट सोडून अर्धा बंकर जमिनीवर घे आणि भोवती भराव ठोक. ठोक म्हणजे थर थर देऊन धुमसाने. टिप्पर रिकामा करून निघून जाणं म्हणजे भराव नव्हे.

आकाराबद्दल माझं मत पक्कं आहे: लहान आणि जवळ. लुसर्नला सोनेनबर्ग महामार्गाच्या बोगद्यात १९७६ साली वीस हजार माणसांचं आश्रयस्थान तयार झालं, एकेक दार दीड मीटर जाड आणि ३५० टनांचं. १९८७ साली रंगीत तालीम घेतली तर त्यांतलं एक दार मिटेनाच. २००६ मध्ये क्षमता दोन हजारांवर आणली. गोळाबारात माणसाला मिनिटभर मिळतं, तेवढ्यात पोचेल तोच त्याचा बंकर. उगाच नाही ते आठ माणसांचे १६० चौरस फुटांचे घराजवळचे बंकर लोकांना हवे असतात. मोठ्याचा एकच फायदा, तो शांततेत वापरात राहू शकतो. हेलसिंकीत इटाकेस्कुस भागात खडकाखाली पोहण्याचा तलाव आहे, तोच वेळ आली की ३,८०० माणसांचं आश्रयस्थान होतो. फिनलंडमधला नियम असा की बहात्तर तासांत जागा रिकामी करून सज्ज करता आली पाहिजे. तुझ्याकडे बहात्तर तास नाहीत. तेव्हा वापर असा हवा की काही हलवावं लागणार नाही: मुलांचा अभ्यास, बायकांचं शिवणकाम. गवताचे भारे नकोत, आणि सरपंचाची मोटारसायकल तर नकोच. किल्ली कुणाकडे हा प्रश्न बांधकामाचा नाही असं तुला सांगितलं जाईल. तरी विचार, आणि कुलूपच नको असा कोयंडा करता येतो का ते बघ.

एका कोपऱ्यात आडोसा बांधून घे. अमेरिकन आश्रयस्थानांत पिण्याच्या पाण्याचे साडेसतरा गॅलनचे पिंप असत, ते रिकामं झालं की तेच शौचासाठी वापरायचं, बरोबर झाकण आणि औषध. कागदावर ठीक. पण आडोसा नसेल तर आपल्या बायका आत येण्याआधी दहादा विचार करतील, आणि हे नकाशा काढणाऱ्या पुरुषांच्या डोक्यात येत नाही.

गावात कुणी विचारलं की नेम धरून टाकलेला मोठा बॉम्ब हा बंकर सोसेल का, तर नाही म्हणून सांग. १३ फेब्रुवारी १९९१ ला बगदादमधलं अमिरिया आश्रयस्थान जाड काँक्रीटच्या छतासकट दोन बॉम्बनी फुटलं, ४०८ नागरिक मेले. तू बांधते आहेस ते छर्ऱ्यांसाठी आणि जवळपास पडलेल्या गोळ्यासाठी. लोकांना एवढं कळतं, त्यांनी गोळे पाहिलेत.

काम ताब्यात देण्याआधी गावाला एकदा बोलाव. रात्रीचं बोलाव, दिवे घालवून. त्यात काठीवाली म्हातारी हवी, तान्हं मूल घेतलेली बाई हवी, खाटेवर एक माणूस हवा. शिट्टी वाजव आणि शेवटचा माणूस आत येईपर्यंत घड्याळ बघ. मग दार लावून सगळ्यांसोबत दोन तास आत बस. कोण कुठे अडखळलं, कुठल्या कोपऱ्यात हवा कोंदली, कुणी कुठे जायला मागितलं, हे वहीत उतरव आणि कंत्राटदाराचं शेवटचं बिल त्या वहीला टाचून पाठव. पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा एक फेरी मार. बरोबर बादली ने.